एका मिलिमीटरचा सांधा

महाराष्ट्रात ज्या दिवशी दिव्यांची अवस असते, त्याच दिवशी छत्तीसगडात हरेली. तिथला महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपली आषाढ अमावस्या त्यांच्या पंचांगात श्रावणातली. शेतकरी नांगर-कुदळी धुऊन पुजतात आणि पोरंटोरं गेडीवर चढतात. दोन उंच बांबू, त्यांना जमिनीपासून थोड्या उंचीवर बांधलेली पाऊल ठेवायची जागा, आणि त्यावर उभं राहून पावसाळी चिखलातून तोल सावरत चालायचं, ही गेडी. 2022 मध्ये राज्य सरकारने छत्तीसगढिया ऑलिम्पिक सुरू केलं, तेव्हा कबड्डी, खो-खो आणि लंगडीच्या जोडीला गेडीची शर्यतही त्यात होती. या सगळ्या खेळांत शेवटी परीक्षा होते ती घोट्याची.

रायपुरात गेडीवरून पडलेला मुलगा, तेलीबांधा तलावाच्या काठी सकाळी फिरताना ओल्या फरशीवर घसरलेले आजोबा आणि जिना उतरताना शेवटची पायरी चुकलेली बाई, तिघंही घरी येऊन एकच सांगतात: पाय मुरगळला. शेजारी म्हणतात, मोच आई है. मग आंबेहळदीचा लेप, क्रेप बँडेज, ओळखीच्या मालिशवाल्याला फोन आणि ‘चार दिवसांत बरं वाटेल’. बहुतेकांना वाटतंही. म्हणूनच हा लेख घोटा दुखला की तज्ज्ञाकडे धावा असं सांगणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्यांना जायची गरज नसते ते एमआरआय काढून मोकळे होतात आणि ज्यांनी पहिल्याच दिवशी जायला हवं होतं ते महिन्याने लंगडत येतात. ही अदलाबदल टाळायची तर या सांध्याची थोडी ओळख हवी.

नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड यांची खालची टोकं मिळून एक खाच तयार होते. त्या खाचेत टॅलस नावाचं एक बुटकं हाड बसतं. या हाडाची तऱ्हाच निराळी. त्याच्यावर एकही स्नायू चिकटलेला नाही, निम्म्याहून जास्त पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला आहे, आणि त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडी. हे हाड मानेशी मोडलं तर त्याचा रक्तपुरवठा तुटून ते आतल्या आत मरू शकतं. टॅलस पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल वर उचललेलं असताना रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. चवडा खाली झुकला, म्हणजे जिना उतरताना किंवा उंच टाचेच्या चपलेत, की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. पाय मुरगळतो तो बहुधा याच अवस्थेत, तळवा आत वळून. ताण पडतो बाहेरच्या बाजूच्या तीन अस्थिबंधांवर. त्यातला सगळ्यात पुढचा सगळ्यात कमजोर, आणि आधी तोच फाटतो.

गुडघा आणि खुबा यांच्या मानाने हा सांधा लहान, पण चालताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट भार येतो. इतका भार तो वर्षानुवर्षं सोसतो, कारण टॅलस आणि खाच यांचा मेळ फार चपखल असतो. 1976 मध्ये रॅम्से आणि हॅमिल्टन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. मृतदेहांच्या पायांत टॅलस फक्त एक मिलिमीटर बाहेर सरकवलं आणि हाडाला हाड टेकण्याचं क्षेत्र मोजलं. ते सरासरी 42 टक्क्यांनी घटलं होतं. तोच भार आता जवळपास निम्म्या जागेवर. घोट्याच्या अस्थिभंगाबाबत ‘हाड काय, आपोआप जुळेल’ हे वाक्य का चालत नाही, ते या एका आकड्यात आहे. हाड जुळतंच, पण मिलिमीटरभर चुकीच्या जागी जुळलं तर दहा-पंधरा वर्षांनी त्याची किंमत मोजावी लागते. गुडघ्याची झीज बहुतेकदा वयाने होते. घोट्याच्या संधिवातामागे मात्र बहुतेक वेळा जुनी दुखापत सापडते.

मग मुरगळणं कोणतं आणि मोडणं कोणतं? सूज पाहून ते कळत नाही. साध्या लचकीतही घोटा नारळाएवढा सुजतो आणि बारीक अस्थिभंगात सूज माफक असू शकते. ‘बोटं हलतात ना, मग मोडलेलं नाही’ ही घरगुती चाचणी तर पार निकामी, कारण बोटं हलवणारे स्नायू पोटरीत असतात आणि घोटा मोडला तरी ते आपलं काम करत राहतात. कॅनडातल्या ओटावा शहरात इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये यासाठी नियम बांधले. आज जगभरच्या अपघात विभागांत ते वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या टोकाला, किंवा तिथून वर सुमारे सहा सेंटिमीटरपर्यंत हाडाच्या मागच्या काठावर दाबल्यावर दुखतं का? पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे हाड हाताला लागतं तिथे, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखतं का? दुखापत झाल्या झाल्या किंवा निदान नंतर तपासणीच्या वेळी तरी, लंगडत का होईना चार पावलं टाकता आली का? दाबून कुठेच दुखत नसेल आणि चार पावलं पडत असतील तर एक्स-रेची गरज नाही. अशा रुग्णांत अस्थिभंग निघण्याचं प्रमाण शंभरात दोनांहून कमी आहे. यातलं एकही उत्तर उलटं आलं तर एक्स-रे काढायचा, आणि तो त्याच दिवशी.

हे नियम घरच्या घरी निदान करण्यासाठी नाहीत, पण डॉक्टर नेमकं काय शोधतोय हे रुग्णाला कळावं म्हणून सांगितले. न दाबता, न चालवता कोणी थेट चिठ्ठी लिहून देत असेल तर तपासणी झालीच नाही असं समजा. दारू प्यायलेल्या माणसाला आणि मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्याला हे नियम लागू पडत नाहीत, कारण त्यांचं ‘दुखत नाही’ हे उत्तर विश्वासाचं नसतं.

मालिशबद्दल स्पष्ट लिहायला हवं. आपल्याकडे हाडवैद्य, छत्तीसगडात गावोगावचे जाणकार. त्यांच्या हाताला गुण असल्याच्या कथा प्रत्येक घरात असतात. गुण येतो, कारण साधी लचक मालिश करूनही बरी होते आणि न करूनही. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत फाटलेल्या अस्थिबंधावर अंगठा रगडला तर आतला रक्तस्राव वाढतो, आणि खाली अस्थिभंग असेल तर तो सरकतो. मिलिमीटरचा हिशेब आठवा. बर्फाचंही थोडं सांगतो. ‘विश्रांती, बर्फ, दाब, पाय उंच’ हा चार कलमी सल्ला अमेरिकेच्या डॉ. गेब मर्किन यांनी 1978 मध्ये रूढ केला आणि पुढे त्यांनीच बर्फाबद्दलचं मत बदललं. बर्फाने दुखणं कमी होतं, घाव लवकर भरतो असं नाही. तेव्हा फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावायला हरकत नाही. गरम शेक मात्र पहिले काही दिवस नको.

अस्थिबंधाची दुखापत किती हट्टी असते, याचं उदाहरण मराठी वाचकांनी आपल्या अंगणातच पाहिलं आहे. 19 ऑक्टोबर 2023 रोजी पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर विश्वचषकाचा भारत-बांगलादेश सामना चालू होता. हार्दिक पांड्याने आपल्याच गोलंदाजीवर लिटन दासचा सरळ फटका पायाने अडवायचा प्रयत्न केला, तो घसरला आणि डावा घोटा दुखावला. षटकाचे उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. सुरुवातीला वाटलं, एखाद-दुसरा सामना हुकेल. 4 नोव्हेंबरला तो स्पर्धेतूनच बाहेर पडल्याचं जाहीर झालं आणि मोठ्या स्पर्धेत तो परतला तो पुढच्या मार्चमध्ये, आयपीएलला. हाताशी फिजिओ, स्कॅन, तज्ज्ञ, सगळं असून ही गत. मग आपण सोमवारी पाय मुरगळून गुरुवारी स्कूटरला किक मारायची अपेक्षा कशाच्या जोरावर ठेवतो?

तरी बहुतेक लचकींना शस्त्रक्रिया लागत नाही, आणि पूर्ण फाटलेला अस्थिबंधही पट्टा आणि व्यायामाने सहसा सांधतो. लागतो तो वेळ, आणि त्या वेळात करायचं काम. हे काम बहुतेक जण करतच नाहीत. दुखणं थांबलं की उपचार संपले असं आपण धरून चालतो. पण अस्थिबंधात नुसते तंतू नसतात, सांधा कोणत्या कोनात आहे हे मेंदूला कळवणाऱ्या नसाही असतात. फाटलेल्या तंतूंबरोबर ही खबर देण्याची व्यवस्थाही बिघडते. मग सपाट रस्त्यावर, काही कारण नसताना, पाय पुन्हा मुरगळतो. पहिल्या लचकीनंतर वीस ते चाळीस टक्के लोकांत हा डळमळीतपणा राहतो असे अंदाज आहेत. यावरचा उपाय जवळजवळ फुकट आहे: भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं, जमलं की डोळे मिटून, मग उशीवर, शिवाय पोटरीचे आणि घोटा बाहेर वळवणाऱ्या स्नायूंचे व्यायाम. सहा आठवडे, रोज. लहानपणी लंगडी खेळलेल्यांना आणि गेडीवर चाललेल्यांना वेगळं सांगायला नको. फिजिओथेरपिस्ट हवा तो यासाठी. दिवे लावून शेक घ्यायला त्याच्याकडे जायचं आणि व्यायाम न शिकताच परतायचं, हा पैशांचा अपव्यय आहे.

तीन-चार महिने नेटाने व्यायाम करूनही पाय दगा देत राहिला तर मात्र पाऊल-घोट्याचा शल्यविशारद गाठायचा. सैल पडलेला अस्थिबंध आवळून शिवण्याची शस्त्रक्रिया स्वीडनच्या ब्रोस्ट्रोम यांनी 1966 मध्ये मांडली आणि तिच्या सुधारित आवृत्त्या आजही केल्या जातात. अशा वेळी एमआरआयलाही अर्थ असतो. टॅलसच्या कूर्चेचा निखळलेला तुकडा, नडगीचं हाड आणि बाहेरचं बारीक हाड यांना बांधणारा वरचा अस्थिबंध किंवा घोट्यामागचा फाटलेला स्नायुबंध एक्स-रेत दिसत नाही. पहिल्या आठवड्यात सुजलेल्या घोट्याचा एमआरआय काढून मिळतं काय? अस्थिबंध ताणला आहे, असं सांगणारा महागडा कागद.

आता मुरगळण्याचं सोंग घेऊन येणारी दुखणी पाहू. पस्तिशी-चाळिशी ओलांडलेला माणूस रविवारी बॅडमिंटन खेळायला उतरतो, मागून कोणीतरी पोटरीवर लाथ मारल्यासारखं वाटतं, वळून पाहतो तर मागे कोणी नाही. हा टाचेमागचा जाड स्नायुबंध तुटल्याचा ठळक इशारा. गंमत अशी, की त्यानंतरही माणूस चालू शकतो आणि पाऊल खाली दाबू शकतो, कारण दुसरे स्नायू मदतीला येतात. म्हणून हे निदान वरचेवर हुकतं. रुग्णाला पालथं झोपवून पोटरी दाबली आणि पाऊल हललं नाही तर शंका उरत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातली प्रतिजैविकं या स्नायुबंधाला कमकुवत करू शकतात. ती घेत असताना टाचेमागे दुखू लागलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. लहान मुलांचं उलटंच असतं. त्यांचे अस्थिबंध हाडाच्या वाढीच्या पट्टीपेक्षा बळकट असतात. मोठ्या माणसाचा अस्थिबंध जिथे ताणेल तिथे मुलाची वाढीची पट्टी दुखावते. मुलाची साधी लचक म्हणून आलेलं दुखणं हाडावर दाबून दुखत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाने पाहिलंच पाहिजे.

रायपूरसाठी दोन दुखणी विशेष महत्त्वाची. पहिलं सिकल सेल. छत्तीसगड आणि पूर्व विदर्भ हा या आनुवंशिक रक्तदोषाचा मोठा पट्टा, आणि रायपुरात त्यासाठी स्वतंत्र सिकल सेल संस्था आहे. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू केली. या आजारात कोयत्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि हाडं-सांधे असह्य दुखतात. मार लागलेला नसताना मुलाचा घोटा किंवा हातपाय सुजून दुखत असतील तर तिकडे लक्ष जायला हवं. सोबत ताप असेल तर हाडात जंतुसंसर्ग झाला आहे का, हे तातडीने पाहावं लागतं. आणखी एक गोष्ट मराठी घरांत क्वचितच कोणी सांगतं. घोट्याच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवायला मांडीला पट्टा आवळून काही वेळ पायाचा रक्तपुरवठा रोखतात. सिकलच्या रुग्णाला यात धोका असतो. तेव्हा घरात सिकलचा इतिहास असेल तर भूलतज्ज्ञाला आधी सांगायचं, आणि चाचणी झालेली नसेल तर करून घ्यायची.

दुसरं दुखणं दुखत नाही, म्हणूनच घातक. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झालेल्या माणसाचं पाऊल किंवा घोटा अचानक लाल, गरम आणि सुजलेला दिसतो. दुखणं नावापुरतं. एक्स-रे सुरुवातीला चांगला येतो. कोणी लचक म्हणतं, कोणी जंतुसंसर्ग म्हणून गोळ्या देतं आणि माणूस चालत राहतो. हे शार्को पाऊल असू शकतं. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी 1868 मध्ये नसांच्या वेगळ्या आजारात असे खिळखिळे होणारे सांधे वर्णिले होते. आज त्याचं मोठं कारण मधुमेह आहे. आतली हाडं मऊ पडलेली असतात आणि प्रत्येक पावलागणिक ती कोसळत जातात. दोन्ही पावलांवर हाताची मागची बाजू ठेवून पाहा. एक पाऊल उघडच जास्त गरम लागत असेल तर त्यावर वजन टाकणं तिथेच थांबवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी रुग्ण आहेत. हा प्रश्न लहान नाही.

उघड्या जखमेचा इशारा सुधा चंद्रन यांच्या आयुष्यातून घ्यावा. मुंबईची ही तरुण नर्तकी 1981 मध्ये तिरुचिरापल्लीजवळ बस अपघातात सापडली. उजव्या घोट्याजवळची जखम प्लास्टरखाली राहून गेली, गँगरीन झालं आणि गुडघ्याखाली पाय कापावा लागला. जयपूर फूट लावून त्या 1984 मध्ये पुन्हा रंगमंचावर आल्या. ती जिद्द आपण सांगत राहतो आणि प्लास्टरची गोष्ट विसरतो. हाडाशेजारी कातडी फाटली असेल तर आधी जखम धुणं. प्लास्टरनंतर दुखणं वाढत गेलं, बोटं निळी, गार किंवा बधिर झाली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. मध्यरात्र असली तरी जायचं.

आणि जायचं कुठे? रायपूरच्या जुन्या मराठी घरांत अजून ‘नागपूरला दाखवून येऊ’ हे वाक्य ऐकू येतं. ते अगदी निराधार नव्हतं. रायपूरचं वैद्यकीय महाविद्यालय 1963 चं. पुढे बराच काळ गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी लोकांनी तीनशे किलोमीटरची गाडी पकडली. आता मेकाहारा, म्हणजे डॉ. आंबेडकर रुग्णालय आहे, 2012 पासून टाटीबंधला एम्स आहे, भिलाईत पोलाद कारखान्याचं सेक्टर 9 चं रुग्णालय आहे आणि खासगी अस्थिरोगतज्ज्ञांची वाण नाही. साधा अस्थिभंग घेऊन नागपूर-मुंबई गाठण्यात अर्थ नाही. सांधा निखळून पाऊल वाकडं दिसत असेल तर मुळीच नाही. ताणलेली कातडी तासागणिक काळी पडत जाते, म्हणून सांधा आधी जवळच्या रुग्णालयात जागेवर बसवून घ्यायचा. शस्त्रक्रियेला सूज उतरेपर्यंत आठवडाभर थांबावं लागतंच, दुसरं मत त्या काळात घेता येतं. तीन आठवडे उलटून गेल्यावर मात्र चुकीचं जुळू लागलेलं हाड सरळ करणं अवघड होतं.

आपल्याकडे पाऊल-घोटा ही वेगळी पदवी नाही. अस्थिरोगात एमएस किंवा डीएनबी झालेला डॉक्टर नंतर या विषयाची फेलोशिप करतो. त्यामुळे पाटीवरचं ‘स्पेशालिस्ट’ वाचण्यापेक्षा सरळ विचारावं: घोट्याच्या शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला किती करता? शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? वजन कधी टाकायचं? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. सकाळी सांधे आखडत असतील, अनेक सांधे सुजत असतील तर संधिवाततज्ज्ञ. रात्रीत घोटा किंवा अंगठा लालभडक होऊन चादरीचा स्पर्शही सोसवत नसेल तर युरिक ॲसिडचा विचार. तिथे शल्यविशारदाचं काम नाही.

पैशांचं शेवटी सांगतो. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता ते खुलं आहे. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. बाह्यरुग्ण तपासणी, पट्टा आणि महिनाभराची फिजिओथेरपी बहुतेकदा खिशातूनच, आणि सरकारी रुग्णालयाचा फिजिओ विभाग यासाठीच ओळखीचा करून घ्यावा. जाताना जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची यादी, साखरेचा ताजा आकडा आणि सिकलच्या चाचणीचा कागद पिशवीत असू द्या. सुजलेल्या पायावर लेप लावून जाऊ नका. डॉक्टरला कातडी दिसली पाहिजे.